चाफा म्हणाल तर कोणता?

नुसते 'चाफा' म्हटले की ऐकणाऱ्याला कोणते फूल आठवेल, हे ज्याच्या त्याच्या गावावर आणि अंगणावर अवलंबून असते. एखाद्याला फुलवाल्याच्या पाटीतला सोनचाफा आठवेल, एखाद्याला देवळाच्या आवारात निष्पर्ण फांद्यांवर फुललेला पांढरा चाफा. हिरवा चाफा पानांत असा मिसळून जातो की वासावरून त्याचा माग काढावा लागतो. नागचाफा आहे, आणि उन्हाळ्यात पाने फुटण्याआधीच मातीतून थेट फूल वर काढणारा भुईचाफाही आहे. सुगंधाच्या नात्याने आपल्या लोकांनी ही सगळी फुले एका नावाखाली आणली आणि घरगुती व्यवहारात त्याने कधी काही अडले नाही. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याचे मात्र अडते. पांढरा चाफा कण्हेर आणि करवंदाच्या कुलातला आहे, हिरवा चाफा सीताफळाच्या, नागचाफा उंडीच्या आणि भुईचाफा आले-हळदीच्या. सोनचाफ्याचे कुल या चौघांहून निराळे.

याच्या उलट अडचणही तितकीच खरी. महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण. तेच झाड हिंदी-बंगालीत जारूल होते. प्रांत बदलला, कधी नुसता तालुका बदलला, तरी नाव बदलते. एका नावाची अनेक झाडे आणि एका झाडाची अनेक नावे, या दोन्ही अडचणींतून वाट काढण्यासाठी शास्त्रीय नावे आली. शाळेत ती आपण परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो, कारण त्यांचा अर्थ कोणी सांगितला नाही. खरे तर शास्त्रीय नाव ही त्या झाडाच्या आणि माणसांच्या संबंधाची नोंद असते. ते कोणी पाहिले, कुठे पाहिले, त्यात काय लक्षात आले, स्थानिक लोक त्याला काय म्हणत होते, यांतले काही ना काही त्यात असते. ही नोंद वाचायला लागले की तीत आपल्या भाषा आणि आपली गावेही भेटू लागतात.

पाच चाफ्यांचीच नावे पाहा. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. पहिला शब्द फ्रान्समधल्या मोंपेलिए गावच्या प्येर मॅन्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ, दुसरा सरळ संस्कृतातला चंपक. पांढऱ्या चाफ्याची प्रजाती प्लुमेरिया. हे नाव शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाचे. तो १७व्या शतकात वेस्ट इंडीजमध्ये वनस्पती शोधत हिंडला, आणि हा चाफाही मूळचा अमेरिका खंडातलाच. हिरवा चाफा आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस. ग्रीक भाषेत पहिल्या शब्दाचा अर्थ 'लटकता घोस', कारण फुलाचा आकड्यासारखा वाकलेला देठ फांदीला धरतो आणि फळांचा घोस त्याला लोंबतो. हेक्सापेटॅलस म्हणजे सहा पाकळ्यांचा. नागचाफा मेसुआ फेरिआ. बगदादच्या दरबारातल्या इब्न मासवैह या वैद्याचे नाव युरोपात 'मेसुए' झाले, त्यावरून मेसुआ. आणि लाकूड लोखंडासारखे कठीण म्हणून फेरिआ. भुईचाफा केम्फेरिया रोटुंडा. एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन डॉक्टर जपानपर्यंत गेला होता आणि तिथल्या वनस्पतींवर त्याने लिहिले होते. माणूस, भाषा, आकार, गुण: नावे जिथून येतात त्या बहुतेक वाटा या पाच झाडांतच सापडतात.

दोन शब्दांची सोय

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या विद्वानांची वनस्पतीची नावे म्हणजे लॅटिनमधली आख्खी वाक्ये असत. इसबगोलाच्या एका युरोपीय भाऊबंदाचे नाव साधारण असे होते: 'लंबगोल, भाल्यासारख्या, लवदार पानांचा, दंडगोल कणसाचा, गोल दांड्याचा प्लँटॅगो'. नाव आणि वर्णन एकच असल्यामुळे जवळची नवी जात सापडली की फरक दाखवण्यासाठी नावात आणखी शब्द घालावे लागत.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटॅरम' हा दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यात सुमारे ६,००० वनस्पती होत्या. लांबलचक नावे त्याने ठेवलीच, पण प्रत्येक नोंदीच्या समासात प्रजातीच्या नावाला जोडायचा एक सुटा शब्दही छापला. त्याच्या मते हे रोजच्या वापरापुरते नाव होते. खरे नाव ते लांबच. लोकांनी मात्र समासातला शब्द उचलला, आणि आज जगभर तीच पद्धत चालते. १ मे १७५३ ही वनस्पतींच्या नामकरणाची अधिकृत सुरुवात मानली जाते.

आडनाव आणि नाव अशी ही रचना आहे. फायकस हे वड, पिंपळ, उंबर या सगळ्यांचे आडनाव, म्हणजे प्रजाती. फायकस बेंगालेन्सिस हा वड, फायकस रिलिजिओसा पिंपळ, फायकस रेसिमोसा उंबर. पिंपळाशी जोडलेला श्रद्धाभाव लिनियसला पुस्तकांतून ठाऊक होता, म्हणून रिलिजिओसा. उंबराची फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात, म्हणून रेसिमोसा.

डोळ्यांना दिसले ते

सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत जास्त नावे निरीक्षणातून आलेली आहेत. आल्बा म्हणजे पांढरा, रुब्रा तांबडा, नायग्रम काळा. सटायव्हा म्हणजे पेरून वाढवलेला. भाताच्या ओरायझा सटायव्हा या नावात तो आहे. एस्क्युलेंटा म्हणजे खाण्याजोगा, म्हणून अळू हे कोलोकेशिया एस्क्युलेंटा. ऑफिसिनॅलिस किंवा ऑफिसिनेल दिसले की ती वनस्पती जुन्या युरोपात औषधांच्या दुकानात मिळत असे, असे समजावे. आल्याच्या नावात हा शब्द आहे.

काही नावांत निरीक्षण फारच नेमके उतरले आहे. बहाव्याची लांब, गोल, काळी शेंग पाहून त्याला फिस्टुला म्हणजे नळी म्हटले. पळसाची शेंग हातात घेतली तर तिच्या टोकाला एकच बी असते, म्हणून मोनोस्पर्मा, एकबीजी. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांची पाने फांद्यांच्या टोकांशी एकवटलेली असतात, म्हणून या सर्वांची प्रजाती टर्मिनॅलिया. आवळ्याची बारीक फुले पानांच्या बगलेतून येतात आणि पानावरच उमलल्यासारखी वाटतात, म्हणून फायलँथस, 'पर्णपुष्प'. फणसाच्या रोपाची पाने बरेचदा खाच पाडलेली असतात आणि मोठ्या झाडाची अखंड. हा फरक हेटरोफायलस, 'भिन्नपर्णी', या शब्दात आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कंदीलपुष्पांना लिनियसने सेरोपेजिया म्हटले, म्हणजे 'मेणाचे कारंजे'. ते फूल एकदा पाहिले की या नावाला दाद द्यावीशी वाटते.

परदेश फिरून आलेले आपले शब्द

शास्त्रीय नावे लॅटिन असतात असे आपण म्हणतो, पण लॅटिन बहुधा वरचा पोशाख असतो. आतला शब्द कुठलाही असू शकतो आणि भारतीय झाडांच्या बाबतीत तो पुष्कळदा भारतातलाच निघतो. संस्कृत शृंगवेर ग्रीकांकडे जाऊन झिंगिबेरिस झाले, आणि आले झाले झिंजिबर. चंदन ग्रीकांमार्फत सँटॅलम झाले. पिप्पलीचे पायपर झाले, पण या प्रवासात गमतीची अदलाबदल झाली: पिंपळीचे नाव पुढे काळ्या मिरीलाही मिळाले आणि ती पायपर नायग्रम ठरली. आमलकाचे अरबीत अमलज आणि लॅटिनमध्ये एंब्लिका झाले. आवळ्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द तो हाच.

कडुनिंबाचे अझाडिरॅक्टा इंडिका हे नाव फारसी 'आझाद दरख्त', म्हणजे थोर किंवा मुक्त वृक्ष, या शब्दांवरून बनले. रिठ्याची प्रजाती सॅपिंडस, म्हणजे 'हिंदुस्थानी साबण'. मँगिफेराचा अर्थ 'मांगा धरणारे झाड'. मलयाळममधला मांङ्ङा पोर्तुगीजांनी मांगा केला आणि लॅटिनने त्याला प्रत्यय जोडला. अडुळशाच्या नावातल्या 'अधातोडा'चा दक्षिणेतला अर्थ आहे शेळी ज्याला तोंड लावत नाही ते झाड. गुराख्याचे निरीक्षण असे विज्ञानाच्या भाषेत कायमचे जाऊन बसले.

खास आपला म्हणावा असा शब्द करमळाच्या नावात आहे. पाच कडांचे, कापले की चांदणीसारखे दिसणारे हे आंबट फळ. मराठी-कोकणीतल्या करंबळ या शब्दाचा पोर्तुगीजांनी करांबोला केला आणि लिनियसने त्याला अव्हेरोआ करांबोला असे नाव दिले. पहिला शब्द कॉर्डोव्हाचा वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न रुश्द याचा, ज्याला युरोप अव्हेरोस म्हणे. अंदलुसियातला अरब पंडित आणि आपल्या किनाऱ्यावरची बोली एका फळाच्या नावात एकत्र आली आहेत.

हे शब्द युरोपात पोचवणारे दोन मोठे ग्रंथ भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर घडले. पहिला गोव्यातला. गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादांत इथल्या औषधी वनस्पतींची माहिती दिली. रात्री फुलून पहाटे फुले ढाळणाऱ्या पारिजातकाला त्याने 'दुःखी झाड' म्हटले; लिनियसने दिलेले आर्बोर-ट्रिस्टिस हे नाव त्याच अर्थाचे आहे.

दुसरा ग्रंथ 'हॉर्टस मलबारिकस'. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने तो तयार करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. त्यामागचे ज्ञान मात्र इथल्या माणसांचे होते. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण, यांनी वनस्पती ओळखून दिल्या, त्यांची नावे आणि उपयोग सांगितले. तिघा कोकणी पंडितांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. युरोपात छापलेल्या नागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. लिनियस कधी भारतात आला नाही. मलबारच्या वनस्पतींसाठी तो या ग्रंथावर विसंबला, आणि मायाळूच्या बॅसेला या नावासारखी काही नावे त्याने तिथूनच जशीच्या तशी घेतली.

माणसांची नावे

प्रजातीला माणसाचे नाव देण्याची प्रथा प्ल्युमिएने वाढवली आणि लिनियसने रूढ केली. झाड आणि माणूस यांत काही दुवा असावा, असे लिनियसला वाटे. दसऱ्याला आपण सोने म्हणून वाटतो तो आपटा बौहिनिया प्रजातीतला. योहान आणि कास्पार बौहिन हे स्वित्झर्लंडमधले दोघे भाऊ मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तळाशी जोडलेले आणि वर दोन सारखे भाग झालेले आपट्याचे किंवा कांचनाचे पान त्या दोन भावांना शोभते, असे लिनियसने म्हटले. पावसाळ्यात बांधावर उगवणारा केना हा कॉमेलिना बेंगालेन्सिस. त्याला दोन पाकळ्या मोठ्या, निळ्या आणि तिसरी लहान. कॉमेलिन घराण्यातले यान आणि कास्पार हे काका-पुतणे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाले; तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. तीन पाकळ्या म्हणजे हे तिघे. यातला यान कॉमेलिन हा 'हॉर्टस मलबारिकस'वर टिपा लिहिणारा. म्हणजे केन्याच्या नावातूनही आपण पश्चिम किनाऱ्यावर परत येतो.

सगळेच दुवे इतके सुरेख नाहीत. ताम्हणाची प्रजाती लॅगरस्ट्रोमिया. मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रोम हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक लिनियसला पूर्वेकडचे नमुने मिळवून देई. पळसाच्या ब्यूटिया या नावात ब्रिटनचा पंतप्रधान झालेला लॉर्ड ब्यूट आहे, कारण तो वनस्पतिशास्त्राचा आश्रयदाता होता. कोकमाच्या गार्सिनिया इंडिका या नावात पुष्कळांना गार्सिया द ऑर्टा दिसतो, पण ते लॉरां गार्सँ या दुसऱ्याच निसर्ग-अभ्यासकाचे नाव आहे.

कोणाचे नाव झाडाला लागले आणि कोणाचे राहिले, हाही इतिहास आहे. बोगनवेल फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिलच्या नावाने ओळखली जाते. बोगनव्हिलच्याच सफरीत झान बारे ही स्त्री पुरुषवेशात वनस्पती गोळा करत होती. तिच्या नावाची वनस्पती, वांग्या-बटाट्याच्या प्रजातीतली सोलॅनम बारेटिई, २०१२ मध्ये झाली. इट्टी अच्युतन यांच्या स्मरणार्थ ब्लूम या डच अभ्यासकाने एका प्रजातीला अच्युडेमिया म्हटले, पण तेही त्यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

आपल्याकडच्या अभ्यासकांनी ही उणीव हळूहळू भरून काढली आहे. पुणे विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्र्यं. शं. महाबळे यांच्या सन्मानार्थ एका कंदीलपुष्पाला सेरोपेजिया महाबळेई म्हणतात, मुंबईत काम केलेल्या फादर सांतापाव यांच्या नावाने सेरोपेजिया सांतापावी आहे. गावे आणि डोंगरही नावांत आले आहेत: सेरोपेजिया पाचगणिएन्सिस, ॲरिसिमा सह्याद्रिकम, पिंडा कोंकनेन्सिस. कास पठाराच्या तळ्यांतल्या वायतुऱ्याला १९८२ साली अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे नाव मिळाले. ही नावे वाचताना त्या वनस्पतीचा पत्ताच आपल्या हाती येतो.

नाव का बदलते?

शास्त्रीय नाव कायमचे असते, हा समज खरा नाही. ते दोन मुख्य कारणांनी बदलते. पहिले कारण ज्येष्ठतेचे. एकाच वनस्पतीला दोन नावे मिळाली असतील तर नियमानुसार आधीचे टिकते. आपल्या तुळशीला लिनियसने १७५३ मध्ये ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हटले आणि १७६७ मध्ये ऑसिमम सँक्टम. दुसऱ्याचा अर्थ 'पवित्र', पहिल्याचा नुसता 'नाजूक फुलांची'. मनाला दुसरे भावते, पण पहिले जुने म्हणून तेच ग्राह्य.

याच नियमाने एक मराठी नाव मागे पडले. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काम केलेल्या निकोलस डॅलझेल याने सह्याद्रीतल्या एका काटेरी वेलीला वागाटी या स्थानिक नावावरून वागाटिया असे प्रजातीचे नाव दिले. शेंदरी-पिवळ्या फुलांच्या लांब तुऱ्यांची ही वेल. द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात ती वाघाटी वेगळी, दुसऱ्याच कुलातली. पण त्याआधी, १७६३ मध्ये, आडांसॉन या फ्रेंच अभ्यासकाने वागाटीच्या प्रजातीला मलबारातल्या नावावरून मौलावा म्हटले होते. जुन्या नावाला मान द्यावा लागला आणि वागाटिया गेले.

दुसरे कारण नातेसंबंधांचे. अभ्यास वाढतो, आता जनुकांचीही तुलना होते, आणि झाड एका प्रजातीतून दुसरीत हलवावे लागते. सोनचाफा पूर्वी मिशेलिया चंपाका होता. मिशेलिया ही प्रजाती मॅग्नोलियात विलीन झाली. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर वाढणारी, महाराष्ट्राबाहेर रानात न आढळणारी शिंदळ माकुडी डॅलझेलने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावे फ्रेरिया इंडिका म्हणून नोंदवली. ती कॅराल्युमा प्रजातीत हलवायची वेळ आली तेव्हा तिथे इंडिका हे नाव आधीच दुसऱ्या जातीला दिलेले होते. म्हणून फ्रिअरचे नाव मागे सरकून ती कॅराल्युमा फ्रेरेई झाली, आणि पुढे बुसेरोसिया प्रजातीतही गेली.

नावातला मजकूर चुकीचा असला तरी तेवढ्याने नाव बदलत नाही. चिंचेचे टॅमॅरिंडस इंडिका हे नाव अरबी 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, यावरून आले. चिंचेचे मूळ मात्र आफ्रिकेत आहे. उलट काजूचे ऑक्सिडेंटेल, म्हणजे पश्चिमेकडचा, हे विशेषण अचूक आहे; पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आणला. शब्द अपमानकारक असेल तर काय, हा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे. २०२४ साली माद्रिदला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना शिवी म्हणून वापरला गेलेला 'काफ्रा' हा शब्द वनस्पतींच्या नावांतून काढून त्याजागी 'आफ्रा' करण्याचा निर्णय झाला. आपल्या पांगाऱ्याची आफ्रिकी बहीण त्यामुळे एरिथ्रिना आफ्रा झाली. नामकरणाचे नियमही माणसांनीच केलेले आहेत आणि ते सुधारता येतात, हे त्यातून दिसले.

आपल्या हाती काय?

शास्त्रीय नाव आले की गावाकडचे नाव टाकून द्यावे, असे पुष्कळांना वाटते. नावांचा हा सगळा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. चंपाका, करांबोला, बॅसेला, अधातोडा हे शब्द विज्ञानात आले ते कोणीतरी स्थानिक माणसाला विचारले आणि ऐकलेले लिहून ठेवले म्हणून. सह्याद्रीच्या वाड्यापाड्यांवर अजूनही अशी माणसे आहेत ज्यांना रानभाजी, औषधी मुळी, शेळीला चालणारा आणि न चालणारा पाला नावानिशी ठाऊक आहे. त्यांच्या पुढच्या पिढीला ही नावे येतीलच असे नाही.

म्हणून एक विनंती. एखादे अनोळखी झाड दिसले तर फोनवर त्याचा फोटो काढून शास्त्रीय नाव जरूर शोधा, त्याचा अर्थही पाहा. पण त्याआधी जवळच्या जाणत्या माणसाला त्या झाडाचे तिथले नाव विचारा आणि दोन्ही नावे, गाव आणि तारीख घालून, एकाच वहीत लिहा. सांगणाऱ्याचे नावही त्यात लिहा. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट आज आपल्याला माहीत आहेत, ते त्यांची नावे कोणीतरी छापली म्हणूनच.